ड्राफ्ट वटेपर्यंत

आमच्याकडं महाबळेश्वरचा एक आठवडा होता. लोकांकडं शेत असतं, प्लॉट असतो, गेला बाजार एखादी म्हैस असते. आमच्याकडं आठवडा. हल्ली त्याला पॉइंट म्हणतात, तेव्हा नुसता आठवडाच म्हणायचे. वाळूजच्या कारखान्यांतले पगार बरे व्हायला लागले, तसे शहरातल्या मोठ्या हॉटेलांत नवराबायकोंना जेवायला बोलावून असले आठवडे विकणारे लोक यायला लागले होते. आमच्या ह्यांना एका संध्याकाळी पनीरची भाजी खाऊ घातली, पडद्यावर धुकं आणि डोंगर दाखवले, आणि रिक्षातून घरी येईपर्यंत हे तिथल्या एका खोलीचे, दरवर्षी थंडीतल्या एका आठवड्यापुरते, मालक झाले होते. मी शेजारीच बसले होते. जेवण फुकट आहे तर तोंड कशाला उघडा, असं वाटलं मला. तेच महागात पडलं.

कारण थंडीतच ह्यांच्या कारखान्यात कामाचा जोर. सुट्टीचं नाव काढलं की सुपरवायझर हसायचा. म्हणजे आठवडा आमचा, आणि जाणारं कुणी नाही. वर दरवर्षी देखभालीचे पैसे भरायचे. ते चुकले तर आठवडा गेला आणि आजवर भरलेले हप्तेही गेले. मग मीच डोकं चालवलं. वर्तमानपत्रात छोटी जाहिरात द्यायची, कुणाला तरी तो आठवडा भाड्यानं द्यायचा आणि त्या पैशातून देखभाल भरायची. कंपनीकडून दरसाल एक पत्र यायचं, आम्ही त्याला कागद म्हणायचो. त्याच्यावर आमची सही, आणि तो ज्याच्या हातात त्याला खोली. इतकं सोपं.

पहिल्या वर्षी सफारी घातलेला एक गृहस्थ आला. बोलणं असं मिठ्ठास की ह्यांनी त्याला दोनदा चहा पाजला. चेक देऊन कागद घेऊन गेला. तो वर मजेत राहून आला असेल नसेल, चेक मात्र आमच्याकडं परत आला, खात्यात पैसे नाहीत म्हणून. दिलेल्या पत्त्यावर गेलो तर दाराला कुलूप. देखभालीचे पैसे कसेबसे घरातून काढून भरले आणि मी कानाला खडा लावला. बँकेतल्या साहेबांसमोर जाऊन बसले आणि सगळं विचारून घेतलं. त्यांनी सांगितलं, चेक घेऊच नका, ड्राफ्ट घ्या. ड्राफ्ट काढताना बँक आधी पैसे मोजून घेते, त्यामुळं तो सहसा परत येत नाही. पण बनावट ड्राफ्टही फिरतात, तेव्हा तो आधी इथं आणून दाखवा, आम्ही सही ताडून बघू, पैसे खात्यावर पडले की मगच काय द्यायचं ते द्या. हे माझं पाठ होऊन गेलं. माणसांवर विश्वास ठेवावा, असं आमचे हे म्हणायचे. मी म्हणायचे, ठेवा की, ड्राफ्ट वटल्यावर ठेवा.

दुसऱ्या वर्षी जाहिरात दिल्यावर शेजारच्या काकूंकडं फोन आला. आमच्या लायनीत फोन त्यांच्याकडंच. फर्दापूरहून एक तरुण बोलत होता. अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी रंगीत दगड आणि चित्रांची कार्डं विकायचा, कधी साहेब लोकांच्या बॅगा वर न्यायचा. नुकतं लग्न झालेलं. मी माझे नियम धडाधडा सांगितले, त्यानं ऐकून घेतले. मला राहवेना. म्हटलं, एवढे पैसे घालून महाबळेश्वरलाच का जायचंय तुम्हाला? तो म्हणाला, "ताई, जलमापासून पाहुण्यांच्या मागं फिरतोय. एकदा पाहुणा होऊन बघायचंय."

मी बरं म्हणून फोन ठेवला.

गुरुवारी यायचं, बँकेत ड्राफ्ट दाखवायचा, पैसे पडले की कागद घ्यायचा आणि शुक्रवारच्या गाडीनं निघायचं, असं ठरलं. शनिवारपासून आठवडा सुरू, आणि पहिल्या दिवशी पोचलं नाही तर कंपनी खोली दुसऱ्याला देऊन टाकायची. पण ते दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाच्या रस्त्यावर रोज मोर्चा, भिंती एका बाजूनं हो आणि एका बाजूनं नाही म्हणून रंगवलेल्या, आणि आज बंद होणार की उद्या, एवढाच प्रश्न घरोघर. गुरुवारी कुठंतरी रस्ता रोको झाला आणि फर्दापूरकडच्या गाड्याच आल्या नाहीत. तो तरुण पोचला शुक्रवारी दुपारी कलत्या उन्हात. तोवर बँकेचा काउंटर बंद झालेला. शनिवारचा बंद जाहीर झालेला. पुण्याची शेवटची गाडी संध्याकाळी, आणि ती चुकली तर आठवडाच चुकला.

दारात तिघं उभी होती. तो, नवी साडी नेसलेली त्याची बायको, आणि मागं त्याची आई. म्हातारी काठीसारखी सरळ, डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं. आईला मुलीकडं शहरात सोडून आम्ही दोघं पुढं जाणार, असं तो म्हणाला. मग खिशातून घडी काढून ड्राफ्ट माझ्या हातात दिला.

ड्राफ्ट दिसायला खरा होता. पण सफारीवाल्याचा चेकही दिसायला खराच होता. मी म्हटलं, "दादा, पैसे जमा झाल्याशिवाय मला कागद देता येणार नाही." हे माझ्याकडं डोळे मोठे करून बघत होते, दे म्हणून. पण ह्या वेळी फसलो असतो तर देखभालीचे पैसे कुठून आणणार होतो? घरात काढायला काही उरलंच नव्हतं. आठवडा गेला असता, हप्ते गेले असते, सगळं पाण्यात.

तो गयावया करील असं वाटलं होतं. त्यानं तसं काही केलं नाही. बायको पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. तिच्या हातातली सूटकेस कुणाची तरी मागून आणलेली असावी, दुसऱ्याचं नाव खरवडून काढल्याच्या खुणा दिसत होत्या तिच्यावर.

तेवढ्यात म्हातारी आत आली. आमच्या बैठकीच्या खोलीवरून एकदा नजर फिरवली आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली. खाली नाही, सतरंजीवर नाही, खुर्चीवर. "म्या बसते जामीन," ती म्हणाली. "बँक उघडंल, तुझं पैसं पडतील, तवर म्या हितनं हलत नाय. पोरांला कागद दे."

मी म्हटलं, "मावशी, असं कुठं असतं का?"

"का नाय? ड्राफ्ट खोटा निघला तर माझा ल्योक मला सोडून पळंल व्हय?"

मुलगा आईकडं बघत राहिला. "आई, नको," एवढंच पुटपुटला. ती म्हणाली, "तू नीघ. खोली भेटली की फोन कर. त्याच्या आदी करू नको." ह्यांनी तोवर माझी वाट न बघता कपाटातून कागद आणून त्याच्या हातात ठेवलासुद्धा. दोघं रिक्षा बघायला पळाली आणि मी माझ्याच घरात एका जामिनासमोर उभी राहिले. ह्यांच्यावर असा संताप आला होता म्हणता, पण परक्या माणसासमोर बोलायचं कसं.

शनिवारी बंद कडकडीत. कारखान्याची बस आली नाही, त्यामुळं हेही घरी. रस्त्यावर चिटपाखरू नाही, लांबून कधी घोषणा, कधी पोलिसांची गाडी. सकाळी मी मेथीची जुडी आणून म्हातारीसमोर ठेवली. बसल्या बसल्या निवडील, तिचाही वेळ जाईल, असा विचार. तिनं जुडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"जामीन बांधलेल्या बैलाला जुंपतेत का गं तुमच्यात?"

मी गपकन जुडी उचलली. खुलताबादच्या बाजूला माझं माहेर, मेंढरांचं घर. लहानपणी आमच्या दारात एकानं व्यवहार पुरा होईपर्यंत बैल आणून बांधला होता, ते मला लख्ख आठवलं. अशा बैलाला वैरण आपल्या जनावरांच्या आधी घालायची, पाणी आधी दाखवायचं, पण औताला धरायचा नाही. वडील आम्हा पोरांना त्याच्या पाठीवर हातही ठेवू द्यायचे नाहीत. दुसऱ्याचं आहे, आपल्याकडं फक्त ठेवलंय, म्हणायचे. ही बाई तो कायदा माझ्याइतकाच जाणून होती, आणि तिनं मला त्यात बरोबर पकडलं होतं. मला हसूच आलं. तीही गालात हसली, पण मेथीला हात लावला नाही.

मग काय, मी वैरण घालायला लागले. सकाळी चहा तिला आधी. भाकरी तव्यावरची उतरली की तिच्या ताटात. ती निवांत खुर्चीत बसून खायची, ठेचा तिखट झालाय म्हणायची, दुसऱ्या दिवशी कमी तिखट केला तर मिळमिळीत झालाय म्हणायची. इतक्या हक्कानं माझी सासूही माझ्याकडं बसली नव्हती. मला राग यायचा आणि कौतुकही वाटायचं, आणि दोन्ही एकाच वेळी वाटायचं म्हणून आणखी राग यायचा.

एक गोष्ट सांगते. माझ्या माहेरात तिच्या समाजाच्या बाईला पाणी वरून ओतायचे. मी ते बघत मोठी झालेय. आमच्या ह्या घरात मी तिला आमच्याच स्टीलच्या पेल्यातून पाणी दिलं, तेव्हा ती पेल्याच्या काठावरून माझ्याकडं बघत सावकाश प्यायली. शेजारच्या काकू मात्र साखर मागायच्या निमित्तानं आल्या आणि दारातूनच हळू आवाजात म्हणाल्या, "पाहुणी कुणाकडची गं?" मी म्हटलं, "आमच्याकडची." साखर वाटीभर दिली आणि दार लावलं.

रविवारी बंद संपला म्हणाले, पण बँक रविवारचीच बंद. दुपारी बसून बोलत होतो. म्हातारी फर्दापूरच्या एका लॉजमध्ये चादरी धुवायची. कुठल्या कुठल्या देशाचे लोक येतात, चादरीवर काय काय सांडून ठेवतात, सांगत होती. मग मी माझी फुशारकी सुरू केली. सफारीवाला, परत आलेला चेक, बँकेतले साहेब, ड्राफ्ट, आधी पैसे मग कागद. कागद पक्का असला की माणूस फसत नाही, असं काहीतरी मी बोलून गेले.

"तुझं बरं हाय," ती म्हणाली. "नामांतराचं पयलं पेटलं ना, तव्हा आमच्या जुन्या गावात आमच्या वस्तीला आग लावली. मागनं साहेब लोकं आली. पंचनामा केला, शिक्का मारला, कागद दिला माझ्या हातात. लई पक्का कागद. कागद होता बाई, घर नव्हतं."

तिनं हे भाकरी भाजण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. हे वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी ते खाली ठेवलं. मी उठून तिच्यासाठी परत चहा टाकला. दुसरं करण्यासारखं काही हाताशी नव्हतं.

सोमवारी बँक उघडायच्या आधीच मी दारात उभी होते. चौकाचौकात पोलीस, अर्धी दुकानं अर्धं शटर ओढून. साहेबांनी ड्राफ्ट उजेडात धरला, सह्यांचं पुस्तक काढलं, ताडून बघितलं, आत जाऊन आले. "एकदम खरा आहे," म्हणाले. "लगेच खात्यावर टाकतो." मी असा नि:श्वास सोडला की मागच्या रांगेतला माणूस हसला. जिवात जीव आला. देखभाल भरता येणार होती, आठवडा वाचला होता, आणि माझा नियम न पाळताही मी वाचले होते. आनंदाच्या भरात गुलमंडीला वाट वाकडी करून इमरती घेतली. घरात शिरता शिरताच मोठ्यानं म्हटलं, "मावशी, ड्राफ्ट खरा निघाला. पैसे पडले. तुम्ही सुटलात."

इमरतीचा पुडा तिच्यासमोर उघडून ठेवला. ती खुर्चीत होती तशीच बसून राहिली.

"तुझं झालं," ती म्हणाली. "माझं कुठं झालं?"

मला कळेना. मुलीकडं जायला रिक्षा हवी असेल, म्हणून मी म्हटलं, हे सोडतील तुम्हाला. तिनं मान हलवली. "पोराचा फोन कुठं आलाय अजून?"

"येईल की. पोचली असतील सुखरूप."

"पोचली असतील. पर खोली दिली का त्यांला? तुझा कागद खरा हाय का खोटा, ते मला कुठं ठावं हाय? तुझं पैसं पडत नव्हतं तवर म्या तुझ्या ताब्यात व्हते. आता पोराला खोली भेटत नाय तवर तू माझ्या ताब्यात हाय."

माझा पारा चढला. तीन वेळा चहा, कमी तिखट ठेचा, आधी तिचं ताट, आणि वर हे. "म्हणजे मी खोटी आहे म्हणताय तुम्ही?" मी म्हटलं.

"म्या कुठं म्हनले? तू बी माझ्या पोराला खोटा म्हनली नव्हतीस. थांब म्हनलीस. म्या बी थांबते."

आवाज चढलेला नाही, डोळ्यांत राग नाही. मी तिच्यासमोर उभी होते आणि माझ्या लक्षात आलं की मागचे सगळे दिवस मी समजत होते मी तिला ठेवून घेतलंय. ती मुळी माझ्या घरात येऊन बसली होती ती दोन्ही बाजूंनी. लेकाच्या पैशाला जामीन, आणि माझ्यावर पहारा. एकाच खुर्चीत बसून दोन्ही. बँकेतल्या साहेबांनी मला घेणाऱ्याची काळजी शिकवली होती. देणाऱ्यालाही तेवढीच भीती असते, तो पैसे हातातून सोडतो आणि त्याच्याकडं उरतो नुसता कागद, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या मनातही आलं नव्हतं. अशी बाई मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही. माझा राग कुठल्या कुठं गेला आणि मी चक्क तिच्यापुढं जमिनीवर बसले.

आणि मग भीती वाटली. कारण ती खोली मी तरी कुठं बघितली होती? पनीर खाताना पडद्यावर दाखवली तेवढीच. सफारीवाला वर राहून आला म्हणावं, तर त्यानं येऊन काही सांगितलं नव्हतं. त्या सुमारास कंपनीबद्दल कारखान्यात उलटसुलट बोललं जात होतं, ह्यांच्याच खात्यातल्या एकाला वर गेल्यावर खोल्या भरल्या म्हणून परत पाठवलं होतं. ते हे मला आत्ता सांगत होते. ती दोघं धुक्यात, मागून आणलेली सूटकेस घेऊन, दारातून परत फिरवलेली, असं माझ्या डोळ्यांसमोर यायला लागलं. पाहुणा होऊन बघायचंय म्हणाला होता. त्याला तिथंही उठवलं असेल तर मी ह्या बाईला काय तोंड दाखवणार होते?

सोमवार तसाच गेला. हे काकूंच्या ओट्यावर जाऊन बसले, फोन वाजला की आत डोकावायचे. वरच्या भागातल्या तारा वाऱ्यानं तुटल्यात, असं फोनच्या ऑफिसातून कळलं. म्हातारी जेवली, पण इमरतीला हात लावला नाही. मीही नाही लावला. मी सारख्या काकूंच्या दारापर्यंत चकरा मारत होते. ती मात्र शांत. खिडकीतून रस्त्याकडं बघत बसलेली. मी मनात म्हणत होते, देवा, आठवडा गेला तरी चालेल, पण ती खोली खरी असू दे.

मंगळवारी उन्हं डोक्यावर आली तेव्हा काकू स्वतः पळत आल्या. "तुमच्या पाहुण्यांचा फोन," म्हणाल्या. म्हातारी उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच घाईनं चालली. काकूंच्या उंबऱ्याशी थबकली, तर काकूंनीच तिचा हात धरून तिला आत नेलं. मी मागोमाग गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

तिकडून पोराचा आवाज बारीक बारीक येत होता, शब्द कळत नव्हते. ती ऐकत होती. "मग?" म्हणाली. "किती येळ?" म्हणाली. परत ऐकत राहिली. मग विचारलं, "मागनं कुणी उठवलं तर नाय ना तुमाला?" आणि त्याचं उत्तर ऐकून तिनं डोळे मिटून घेतले. फोन माझ्या हातात दिला.

त्यानं सांगितलं, काउंटरवरच्या माणसानं कपड्यांकडं बघितलं, कागद उलटापालटा केला आणि बाकावर बसायला सांगितलं. आमच्यामागून आलेल्यांना खोल्या मिळाल्या. आम्ही बसून राहिलो, ताई. दिवस मावळायच्या सुमाराला त्यानं किल्ली दिली. सामान उचलायला माणूसही दिला. मी नको म्हणत होतो, त्यानं ऐकलं नाही, माझ्या हातातून बॅग घेतली त्यानं. मग म्हणाला, आईला म्हणावं, लई भारी हाय हितं.

मी फोन खाली ठेवला. म्हातारी तोवर आमच्या दारात जाऊन माझी वाट बघत उभी होती, आपली पिशवी काखेत मारून, निघायच्या तयारीत. मी जवळ गेले तशी तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"सुटलीस बाई तू," ती म्हणाली.